‘डॉन ऑफ द डेड’ : वाद आहे तो मॉलमधल्या रिकाम्या दिवसांचा

प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या गटाने जॉर्ज रोमेरोचा १९७८चा ‘डॉन ऑफ द डेड’ एकत्र बसून पाहिला. मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागतात आणि चौघे जण हेलिकॉप्टरने पळून एका मॉलमध्ये आसरा घेतात, असा तो सिनेमा. निम्मे म्हणाले, झॉम्बीपटांचा बाप. बाकीच्यांना झोप आली, नाहीतर हसू. निळ्या चेहऱ्यांची माणसं, लाल ऑइलपेंटसारखं रक्त आणि मधे बराच वेळ काहीच घडत नाही, अशा त्यांच्या तक्रारी. एकाने हाच सिनेमा आधी पाहिला होता आणि त्याला काही प्रसंग वेगळेच आठवत होते. तुम्ही विचारता, बरोबर कोण आणि हा सिनेमा खरंच चांगला आहे की नुसताच जुना आहे?

मी संकलक आहे. संकलन शिकवतानाही हा सिनेमा बरेचदा वर्गात दाखवतो, त्यामुळे अशी भांडणं पुष्कळ ऐकली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: सिनेमा चांगला आहे, निळे चेहरे फसलेले आहेत आणि ‘मधे काहीच घडत नाही’ असं ज्याला म्हणतात तोच या सिनेमाचा गाभा आहे. पण त्याआधी ‘वेगळे प्रसंग’ आठवणाऱ्या मित्राचा प्रश्न निकालात काढू, कारण निम्मं भांडण तिथेच मिटतं.

या सिनेमाच्या तीन मुख्य प्रती आहेत. अमेरिकेत थिएटरांत लागलेली साधारण १२७ मिनिटांची, फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या चित्रपट-बाजारात दाखवण्यासाठी घाईने तयार केलेली १३९ मिनिटांची, आणि युरोपासाठी दारिओ अर्जेंतोने कापलेली साधारण ११९ मिनिटांची. अर्जेंतो हा इटलीतला भयपटांचा मोठा दिग्दर्शक. त्याने पैसा उभा करायला मदत केली, रोमेरोला पटकथा लिहायला रोममध्ये बोलावून घेतलं आणि बदल्यात इंग्रजी न बोलणाऱ्या देशांसाठी स्वतःच्या मनासारखं संकलन करण्याचा हक्क घेतला. म्हणून हा सिनेमा आधी इटलीत लागला, सप्टेंबर १९७८मध्ये, ‘झोम्बी’ या नावाने. अमेरिकेत यायला १९७९चा एप्रिल उजाडला.

या तीन प्रतींत नुसत्या मिनिटांचा फरक असता तर मी इतकं लांबण लावलं नसतं. स्वभावच वेगळा आहे. अर्जेंतोने विनोदाच्या बऱ्याच जागा काढून टाकल्या आणि गॉब्लिन या इटालियन रॉक बँडचं संगीत भरभरून वापरलं. त्याची प्रत धावते. रोमेरोने आपल्या प्रतीत गॉब्लिनचे काही तुकडे घेतले, पण त्यांच्या जोडीला तयार संगीताच्या संग्रहातले स्वस्त, गुळगुळीत, दुकानात वाजतात तसले तुकडे लावले. प्रेतं सरकत्या जिन्यावर धडपडतात आणि मागे जत्रेतल्यासारखी ‘द गॉंक’ नावाची धून वाजते. १३९ मिनिटांच्या प्रतीत गॉब्लिन फारसे नाहीतच, आणि लांबणही आहे. पुढे बरीच वर्षं ती ‘दिग्दर्शकाची प्रत’ म्हणून विकली गेली. वास्तविक रोमेरोची पसंती १२७ मिनिटांच्या प्रतीला होती. तेव्हा तुमच्या गटात एकाच्या डोक्यात अर्जेंतोची प्रत असेल आणि बाकीच्यांनी कानची पाहिली असेल, तर ते दोघे वेगवेगळ्या सिनेमांवरून भांडत आहेत.

आता निळे चेहरे. यात बचाव करण्यासारखं काही नाही. रंगभूषाकार टॉम साविनीने प्रेतांना राखाडी रंग दिला, कारण रोमेरोचाच आधीचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) कृष्णधवल होता आणि तो पाहून मनात प्रेताचा रंग राखाडीच बसलेला. फिल्मवर आणि त्या प्रकाशात तो कधी निळा दिसतो, कधी हिरवा. शेकडो लोकांना रोज रात्री रंगवायचं, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला एक हात फिरवण्यापलीकडे काही येणं शक्यच नव्हतं. जवळून दिसणाऱ्या मोजक्या प्रेतांवर मेहनत आहे, मागच्या गर्दीवर नाही, आणि कॅमेरा गर्दीवर गेला की ते उघडं पडतं. हेलिकॉप्टरच्या पात्याने ज्याचं टाळकं उडतं, त्या प्रेताचं कपाळ मुळातच वीतभर उंच आहे. मी वर्गात तो शॉट दाखवतो तेव्हा पोरं पातं येण्याआधीच हसतात.

रक्ताचं मात्र वेगळं. ते भडक, जवळजवळ मेणखडूसारखं लाल आहे आणि साविनीला स्वतःलाही ते आवडलं नव्हतं. रोमेरोला चाललं, कारण सिनेमा चित्रकथेसारखा दिसावा असं त्याच्या मनात होतं. हे मत मला अर्धंच पटतं. सुरुवातीला पोलिसांची तुकडी गरिबांच्या इमारतीत घुसते. तिथे राहणारे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन लोक आपली मेलेली माणसं सरकारच्या ताब्यात द्यायला तयार नसतात. तिथे हे लाल रक्त खटकतं, कारण तो प्रसंग बातमीपटासारखा कापलेला आहे: हलता कॅमेरा, अर्धवट वाक्यं, वर्णद्वेषाने पिसाळलेला एक पोलीस, तळघरात कोंडलेली प्रेतं. साविनी व्हिएतनाममध्ये सैन्याचा छायाचित्रकार होता आणि त्या इमारतीतल्या जखमांवर ती नजर दिसते. तिथे रंग खोटा आणि जखम खरी, असा विचित्र प्रकार होतो. मॉलमध्ये आल्यावर तोच रंग शोभतो, कारण तिथे सगळंच दुकानाच्या काचेतलं आहे.

तुमच्या गटातला कोणी अर्ध्यावर उठून गेला असेल तर त्याला म्हणावं, सोबत चांगली आहे. १९७९मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससाठी लिहिणाऱ्या जॅनेट मॅस्लिन पंधरा मिनिटांत बाहेर पडल्या, आणि तसं त्यांनी परीक्षणात लिहिलंही. त्याच वर्षी शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट याने या सिनेमाला चार तारे दिले. तो किळसवाणा, हिंसक, भयंकर आहे हे त्याने नाकारलं नाही. उलट ते सगळं आधी कबूल करून मग हा उत्तम भयपटांपैकी एक आहे असं म्हटलं. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातली फाळणी पहिल्या आठवड्यापासूनचीच आहे. शिवाय सिनेमा अमेरिकेत कोणत्याही अधिकृत श्रेणीशिवाय लागला. श्रेणी घेतली असती तर ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) मिळाली असती, आणि तोवर त्या अक्षराचा अर्थ प्रेक्षकांच्या मनात अश्लीलपट असाच झाला होता. निर्मात्यांनी जाहिरातीत स्वतःच लिहून टाकलं की यात लैंगिक दृश्यं नाहीत पण हिंसा धक्कादायक आहे, सतरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो: संथपणा.

सुरुवात आठवून पाहा. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत गोंधळ चालू आहे. कॅमेऱ्यासमोर तज्ज्ञ ओरडतोय, मागचे कर्मचारी त्याच्यावर ओरडतायत, पडद्यावर बंद पडलेल्या निवारा केंद्रांची नावं सरकतायत आणि एक अधिकारी म्हणतोय की ती काढू नका, नाहीतर लोक चॅनेल बदलतील. मग ती इमारत, मग हेलिकॉप्टर. हा भाग कोणालाही संथ वाटत नाही. रोमेरोने संकलन स्वतः केलं होतं. पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि छोटे अनुबोधपट करून तो घडला. अशा कामात माणूस एक गोष्ट शिकतो: एकाच हालचालीचे सात-आठ कोन घ्यायचे आणि संकलनाच्या टेबलावर बसून वेग तयार करायचा. कॅमेरा फार फिरत नाही, वेग सगळा कापण्यात आहे. ट्रक लावून मॉलची दारं बंद करण्याचा प्रसंग पुन्हा पाहा. चौघांपैकी एक, रॉजर, हळूहळू चेकाळत जातो, आणि शॉटही त्याच्याबरोबर आखूड होत जातात. तो चावला जातो तेव्हा आपण अजून त्याच्या मस्तीतच असतो.

असा वेग ज्याला तयार करता येतो तो मधे सैल का सोडतो? चुकून नक्कीच नाही. चौघे मॉल जिंकतात. पीटर, रॉजर, स्टीफन आणि फ्रॅन. रॉजर मरतो. उरलेल्या तिघांपाशी सगळं आहे: फर कोट, घड्याळं, बँकेतल्या नोटा, बर्फावरचं स्केटिंग, बंदुकांचं दुकान. (ते दुकान त्या मॉलमध्ये नव्हतंच. ते पिट्सबर्गमध्ये दुसरीकडे चित्रित केलं आणि टेबलावर जोडलं. जोड कुठेही दिसत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला अशा गोष्टींचं कौतुक जास्त.) आणि मग काही घडत नाही. फ्रॅन आरशासमोर चेहरा रंगवते. पीटर भिंतीवर चेंडू मारत बसतो. टीव्ही चालू असतो, त्यावर प्रक्षेपण नसतं. स्टीफन अंगठी देतो तर फ्रॅन म्हणते, आत्ता नको, हे खरं वाटणार नाही. या भागात शॉट लांब होतात, संवाद जवळजवळ संपतात, आणि प्रेक्षक जांभई देतो. ती पात्रं ज्याने कंटाळली आहेत त्यानेच प्रेक्षक कंटाळला आहे. यात कोणाला मजा येईल, कोणाला येणार नाही, पण ‘दिग्दर्शकाचा हात सुटला’ असं म्हणता येत नाही. हात सुटला असता तर लगेच पुढे मॉल लुटायला मोटरसायकलवाल्यांची टोळी येते तेव्हा तो इतक्या सहज परत घट्ट झाला नसता.

कंटाळा मुद्दाम आणला म्हणून तो आपोआप मोठी कला होतो, असंही नाही. सिनेमाचे भक्त इथे फार ताणतात. ‘ग्राहकसंस्कृतीवरचं खोल भाष्य’ हे वाक्य या सिनेमाबद्दल इतक्यांदा लिहिलं गेलंय की नवीन प्रेक्षक काहीतरी गूढ शोधत बसतो आणि निराश होतो. भाष्य अजिबात गूढ नाही. पात्रं ते तोंडाने बोलून दाखवतात. ही प्रेतं इथे का येतात, असं विचारल्यावर स्टीफन सांगतो की ही सवय आहे, ही जागा त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची होती. पुढे पीटर म्हणतो, ती म्हणजे आपणच. एवढं सरळ. ते ऐकून ‘हे काय, पाटीच लावली’ असं ज्याला वाटलं त्याचं चूक नाही.

पण थोडा काळ लक्षात घ्या. सिनेमा जिथे चित्रित झाला तो मॉनरोव्हिलचा मॉल पिट्सबर्गच्या बाहेर १९६९मध्ये उघडला. सिनेमात वरून मॉल दिसतो तेव्हा, हे आहे तरी काय, असा प्रश्न येतो आणि उत्तर मिळतं की बहुतेक त्या बंदिस्त मोठ्या शॉपिंग सेंटरपैकी एक असावं. म्हणजे तिथल्या प्रेक्षकालाही ती जागा समजावून सांगावी लागत होती. आपल्याकडे मुंबईत १९९९मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा सुरुवातीला आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना काचेला नाक लावून उभी राहिलेली ती प्रेतं बरोबर समजतात. आज पंचविशीतल्या माणसाला मॉल म्हणजे पार्किंग आणि पॉपकॉर्न. त्याच्यावर या प्रतिमेचा घाव हलका बसणारच.

चित्रीकरणाचीही गंमत आहे. मॉल दिवसा चालू, त्यामुळे काम रात्री, दुकानं बंद झाल्यावर. सकाळी ठरल्या वेळी मॉलचं संगीत आपोआप सुरू व्हायचं आणि ते बंद कसं करायचं हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून तिथे काम थांबायचं. नाताळची सजावट लागली तेव्हा तर काही आठवडे चित्रीकरणच बंद ठेवावं लागलं. त्या कृत्रिम उजेडाच्या रात्री सिनेमाच्या पोतात उतरल्या आहेत. बाहेर दिवस आहे की रात्र, आत बसल्यावर कळत नाही.

झॉम्बी भीतिदायक नाहीत, हा तुमच्या मित्रांचा आणखी एक मुद्दा. खरं आहे, एकटा झॉम्बी अजिबात भीतिदायक नाही. त्याला ढकलून पुढे जाता येतं आणि पात्रं तसंच करतात. टोळीवाले तर त्यांच्या तोंडावर क्रीमच्या पाईज (केकसारखा गोड पदार्थ) मारतात. सावकाश चालणाऱ्या प्रेताची भीती वेगळ्या हिशेबाने चालते. ते थकत नाही, आणि माणूस मस्तीत येतो. या सिनेमात कोण कसं मरतं ते मोजा. रॉजर शेखी मिरवताना चावला जातो. टोळीतला एक जण रक्तदाब मोजायच्या यंत्रात हात घालून बसतो, त्याचा हात तिथेच राहतो. आणि स्टीफन. टोळी आत आल्यावर लपून बसणं शक्य होतं. लुटून गेले असते. पण हे आमचं आहे, आम्ही घेतलंय, असं पुटपुटत तो पहिली गोळी झाडतो. ज्या दुकानांतल्या वस्तूंनी तो कंटाळला होता त्याच वस्तूंसाठी. मेल्यावर त्याला आठवतं काय, तर लपायच्या जागेचा रस्ता. बाकीच्या प्रेतांना तो तिथेच घेऊन जातो. हे मला भीतिदायक वाटतं. दचकायला लावणारी भीती हवी असेल तर २००४चा झॅक स्नायडरचा याच नावाचा सिनेमा पाहा. त्यात प्रेतं धावतात आणि पहिली दहा मिनिटं उत्तम आहेत. मॉलमध्ये पोचल्यावर मात्र त्याला मॉलचं काय करायचं ते फारसं सुचत नाही, असं माझं मत. तुमच्या गटातल्या तरुणांचं याच्या नेमकं उलट असेल तर नवल नाही.

माझी स्वतःची तक्रार टोळीच्या हल्ल्याबद्दल आहे. तो लांबला आहे, १२७ मिनिटांच्या प्रतीतसुद्धा. खऱ्या मोटरसायकल टोळीतली माणसं घेतली होती, साविनी स्वतः त्यात आहे, सगळ्यांना मजा येत होती, आणि ती मजा कापायला रोमेरोचा हात धजावला नाही. मी तिथून तीन-चार मिनिटं बिनदिक्कत काढली असती. अर्जेंतोची प्रत इथे जास्त नेटकी वाटते. विनोद काढण्यात मात्र त्याने चूक केली. विनोद गेला की उरतात ती निळी माणसं, आणि तीही आता गंभीर चेहऱ्याने पाहायची.

एका गोष्टीबद्दल तुमच्या प्रश्नात काहीच नाही, म्हणून मीच काढतो: फ्रॅन. गेलन रॉस या अभिनेत्रीने रोमेरोला सांगितलं की फ्रॅन किंचाळणार नाही, आणि ती किंचाळत नाही. १९७८च्या भयपटात ही लहान गोष्ट नव्हे. ती गरोदर आहे. पुरुष आपसात तिच्या गर्भाचं काय करायचं ते बोलतात, ती ते ऐकते, आणि मला कोणी विचारलं नाही असं सुनावते. मी तुमची आया होणार नाही, म्हणते. बंदूक मागते, हेलिकॉप्टर चालवायला शिकवा म्हणते. शेवटी त्या शिकण्यावरच सगळं येतं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधली बार्ब्रा बराच वेळ सुन्न बसून असते. दहा वर्षांत रोमेरोने स्वतःलाच दुरुस्त केलं असं मला वाटतं.

शेवटाबद्दल तुमच्यात वाद झाला असेलच. मूळ पटकथेत दोघेही मरतात: पीटर स्वतःला गोळी घालतो, फ्रॅन फिरत्या पात्यांत डोकं घालते. त्यासाठी साविनीने केलेलं फ्रॅनचं नकली डोकं वाया गेलं नाही. रंगरूप बदलून ते सुरुवातीच्या इमारतीत गोळीने फुटतं. बदललेल्या शेवटात पीटर कानशिलाला पिस्तूल लावतो आणि ऐन वेळी मन बदलून प्रेतांच्या गर्दीतून मारत वर जातो. तेव्हा जे वीरश्रीचं संगीत वाजतं, ते ऐकून पुष्कळ लोक कपाळावर हात मारतात. मीही मारतो. टीव्हीवरच्या मालिकेत नायक परतल्यासारखं वाटतं. पण लगेच पुढे हेलिकॉप्टरमध्ये तो विचारतो, इंधन किती आहे, ती म्हणते, फार नाही, आणि तो म्हणतो, ठीक आहे. एवढ्यावर सिनेमा संपतो. संगीत खोटं, संवाद खरा. दोन्ही बाजूंना आपापलं उदाहरण याच एका मिनिटात सापडतं.

पुन्हा पाहणार असाल तर १२७ मिनिटांची प्रत शोधा. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या सेकंड साइट या कंपनीने तिन्ही प्रती नीट साफ करून एकत्र काढल्या आहेत. प्रत नीट असली की रंगाबद्दलच्या निम्म्या तक्रारी कमी होतात. निळे चेहरे मात्र निळेच राहतात. आधी रोमेरोची पाहा, आठवड्याने अर्जेंतोची. कानची प्रत हौस असल्याशिवाय नको. ज्यांना मॉलचा मुद्दा बोथट वाटला त्यांना आदित्य सरपोतदारचा २०२२चा ‘झोंबिवली’ दाखवा. डोंबिवलीतली चकचकीत सोसायटी आणि शेजारची वस्ती यांच्यात कोणाच्या वाट्याला काय येतं, ही त्याची मांडणी याच घराण्यातली आहे, आणि तिथे झॉम्बी कोण हे समजायला अमेरिकेतला मॉल माहीत असण्याची गरज पडत नाही. तो पाहून परत मॉनरोव्हिलला आलात तर झोपलेल्यांपैकी एखादा जागा राहील. सगळे राहतील असं मात्र सांगत नाही.